आतलं झाकण की बाहेरचं? कुकर घेण्याआधी

"मावशी, यातला कुठला घेऊ?" एवढाच मेसेज आणि खाली तीन फोटो. भाचीला पुण्यात नोकरी लागली, खोली मिळाली, आता कुकर हवा. पहिल्या फोटोत हंडीसारखा पोट सुटलेला, आतून झाकण लागणारा कुकर. दुसऱ्यात सरळ उभ्या भिंतींचा, बाहेरून झाकण बसणारा. तिसऱ्यात बटणांचा, विजेवर चालणारा. तिला त्यांतला फरक दिसत होता तो रंगाचा आणि किमतीचा. मला दिसत होता तो झाकणाचा. फोनवर मी इतकं बोलत सुटले की ती म्हणाली, लिहूनच पाठव ना. तर लिहिते.

पहिलं म्हणजे चव विसर. शेगडीवरच्या दोन्ही कुकरांत आतला दाब जवळपास सारखाच असतो, चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो, इंग्रजी मापात १५ पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला १५ पौंड. त्या दाबाखाली पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून तूरडाळ तासाऐवजी मिनिटांत शिजते. अमक्या कुकरचं वरण जास्त मऊ होतं असं कोणी सांगितलं तर मान डोलाव आणि सोडून दे.

फरक आहे तो त्या दाबाला धरून कोण ठेवतं यात. जरा हिशेब मांडू. कुकरचं तोंड २० सेंटीमीटरचं असेल तर झाकणाचं क्षेत्रफळ होतं साधारण ३१४ चौरस सेंटीमीटर. म्हणजे शिट्टी व्हायच्या बेतात असताना त्या झाकणाला आतून तीनशे किलोंचा रेटा बसतो. तांदळाची पन्नास किलोंची सहा पोती, आणि ती उलटी, खालून वर! आपण शेजारी उभ्या राहून कांदा चिरत असतो.

बाहेरच्या झाकणाच्या कुकरमध्ये हा सगळा रेटा कडेच्या कानांवर येतो. झाकण फिरवलं की त्याचे कान भांड्याच्या कानांखाली जाऊन अडकतात आणि पोत्यांचं वजन पेलतात. आतल्या झाकणाच्या कुकरमध्ये युक्ती उलटी आहे. झाकण तोंडाहून किंचित मोठं आणि जरासं लंबगोल, म्हणून तिरकं करून आत सोडायचं, फिरवायचं आणि वर ओढून त्याची दांडी अडकवायची. आता वाफ जितका जोर लावेल तितकं ते भांड्याच्या काठाला आतून घट्ट दाबलं जातं. तीनशे किलोंचा रेटा इथे कुलपाचं काम करतो. वाफ जिरेपर्यंत कितीही घाई असली तरी ते उघडतच नाही, आणि जिरली की आपण होऊन सैल पडतं.

घाईत असलेल्या माणसासाठी हा गुण फार मोठा. बाहेरच्या झाकणावर जोर करणारी माणसं मी पाहिली आहेत. थोडी वाफ उरली असली तरी दोन्ही दांडे धरून पिळायचं. सकाळी सव्वाआठची लोकल पकडायची असली की शहाणी माणसंही हे करतात. मी केलंय. छताला डाळ लागली होती, हात वाचला. त्या कुकरचा दोष नव्हता, माझा होता. पण चूक करू न देणारं भांडं आणि चूक केली तर शिक्षा करणारं भांडं यात फरक आहेच.

म्हणून आतलंच घे, असं मात्र मी म्हणणार नाही. कारण दुसरा प्रश्न असा की सगळं बिघडल्यावर काय होतं? शिट्टीच्या नळीत डाळीचं सालपट अडकलं, वाफेला वाट उरली नाही, तर?

शिट्टी म्हणजे भोकावर ठेवलेलं वजन. डेनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने लंडनमध्ये १६७९ साली वाफेचं बंद भांडं दाखवलं, त्यालाही वजन लावलेली झडप होती. आपली शिट्टी तिच्याच घराण्यातली. भोक केवढं आणि वजन किती यावर दाब ठरतो, म्हणून शेजारणीच्या कुकरची शिट्टी आपल्या कुकरवर बसली तरी लावू नये. ही वाट तुंबली तर दुसरी वाट म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. त्यात लवकर वितळणारा धातू असतो. पाणी आटून कुकर तापला की तो वितळतो आणि वाफ सुटते. पण व्हॉल्व्ह गेला की लोक बाजारातून मिळेल तो स्वस्तातला आणून बसवतात. नकली व्हॉल्व्ह वितळायच्या वेळी वितळत नाही, आणि मग कुकर फुटतो.

इथे बाहेरच्या झाकणाची बाजू वर येते. प्रेस्टीज कुकर बनवणाऱ्या टीटीके कंपनीचे टी. टी. जगन्नाथन यांनी याच नकली व्हॉल्व्हच्या दुखण्यावर उपाय काढला. झाकणाच्या कडेला एक खाच ठेवली. दाब प्रमाणाबाहेर गेला की रबरी रिंग त्या खाचेतून बाहेर फुगते आणि वाफ तिथून निघून जाते. नवा भाग काही नाही, फक्त एक खाच! रिंग तर कुकरला असतेच, तिलाच तिसऱ्या चौकीदाराचं काम दिलं. वापरणाऱ्याने चुकीचा व्हॉल्व्ह बसवला तरी ही खाच आपली जागा सोडत नाही. स्वयंपाकघरातल्या वस्तूंमध्ये इतकी साधी आणि इतकी हुशार कल्पना मी दुसरी पाहिली नाही. दुकानात झाकण उलटं करून काठावर ती खाच शोध. बाहेरच्या झाकणाचा कुकर खाच नसलेला असेल तर खाली ठेव.

दोन्ही घराणी आपल्याकडे १९५९ सालची. मुंबईत हॉकिन्सने आतलं झाकण धरलं, दक्षिणेत टीटीकेने प्रेस्टीजचं बाहेरचं. तेव्हापासून घरोघरी दोन पक्ष आहेत, आणि सून माहेरहून पक्ष घेऊनच येते.

आता खरा मुद्दा, जो कुठल्याच जाहिरातीत नसतो. तू कुकरमध्ये शिजवणार की कुकरमध्ये डबे लावणार?

आपल्या घरात कुकर म्हणजे तळाला पाणी, त्यावर जाळी, खालच्या डब्यात डाळ, वरच्या डब्यात तांदूळ, त्यावर ताटलीत दोन बटाटे किंवा लाल भोपळ्याची फोड. एकाच शेगडीवर वरण, भात, भाजी तिन्हींची तयारी. या पद्धतीला सरळ भिंती आणि मोठं तोंड हवं. आतल्या झाकणाच्या कुकरचं तोंड पोटापेक्षा लहान असतं, कारण झाकणाला टेकायला काठ हवा. पोट कितीही मोठं असो, डबा तोंडातून जाईल तेवढाच. पाच लिटरचा हंडीच्या आकाराचा कुकर घेऊन आलीस आणि आईने दिलेले पितळी डबे काठावरच अडले, असं होणार. त्या कुकरांसाठी वेगळे, अरुंद डबे मिळतात, पण त्यात चार माणसांचा भात लावणं म्हणजे कसरत. बाहेरच्या झाकणाच्या सरळ कुकरला ही अडचण नाही. शिवाय झाकण बाजूला ठेवलं की तो चांगलं जाड पातेलं होतो, त्यात पोहे होतात, दूध तापतं.

उलट थेट शिजवायचं असेल तर हंडीच्या आकाराला तोड नाही. फोडणी करायची, मसाला परतायचा, मटकी नाहीतर काळे वाटाणे टाकायचे, झाकण लावायचं. कोपरे नसल्यामुळे पळी सगळीकडे फिरते, मसाला कडेला बसून करपत नाही. पुलाव, मटण, छोले, सगळं यात सुरेख होतं. सरळ कुकरच्या तळाच्या कोनात कांदा नेहमी जळतो. हे मी वीस वर्षं पाहते आहे आणि अजून प्रत्येक वेळी चिडते.

झाकण लावण्याचा सरावही धर. बाहेरचं कोणीही लावतं. आतलं लावणं ही हातोटी आहे. पहिले आठ दिवस ते आत पडणार, तिरकं अडकणार, गरम वरणात बुडून बाहेर येणार. अर्धवट शिजलं का हे मध्येच बघायचं तर थेंब गळणारं झाकण हातात घेऊन उभं राहायचं. तुझ्याकडे स्वयंपाकाच्या मावशी येणार असतील तर त्यांना आधी विचार, कारण कुकर त्याच हाताळणार. आमच्याकडच्या मावशींनी आतल्या झाकणाला पहिल्याच दिवशी नकार दिला होता. "ताई, हे तुमचं कोडं तुम्हीच सोडवा."

धातूचं थोडक्यात सांगते. साधं अॅल्युमिनियम हलकं, स्वस्त, उष्णता झटकन पसरवतं. पण त्यात चिंच-कोकमाची आमटी किंवा टोमॅटोचं सार थेट करू नये, आंबट त्याला लागतं. डबे लावणार असशील तर हा प्रश्नच येत नाही, कारण अन्न डब्यात असतं. मात्र तळाच्या पाण्याने कुकर आतून काळा पडतो, त्यावर लिंबाची वापरलेली साल टाकायचा उपाय तुझ्या आईला विचार. काळा, हार्ड अॅनोडाइज्ड थर दिलेला कुकर आंबटाला चांगला तोंड देतो, पण तारेच्या घासणीने रगडला की रडवतो. स्टील टिकाऊ आणि घासायला निर्धास्त, पण उष्णता पसरवण्यात अॅल्युमिनियमच्या कितीतरी मागे. म्हणून स्टीलचा घ्यायचा तर तळ जाड हवा, दोन स्टीलच्या मध्ये अॅल्युमिनियमचा थर असलेला. इंडक्शन शेगडी असेल तर तळाला लोहचुंबक लावून बघ. चिकटला तर चालेल.

तिसरा फोटो. विजेवरचा कुकर. तुझा दादा न्यू जर्सीत तोच वापरतो आणि त्याचं कौतुक करतो, त्यात तथ्य आहे. इन्स्टंट पॉट नावाचा असा कुकर २०१० साली कॅनडात बाजारात आला, आणि परदेशातल्या मराठी घरांत शेगडीवरचा कुकर मागे पडत गेला. लावून ठेवा, कामाला बसा, शिट्ट्या मोजायला नकोत. गॅस बंद करायचा राहिला का म्हणून जिन्यातून परत यायलाही नको. पण त्याचा दाब १५ नाही, साधारण साडेदहा-अकरा पीएसआयच्या घरात असतो. म्हणून आईची "तीन शिट्ट्या" ही पाककृती तिथे लागू होत नाही, मिनिटं नव्याने शोधावी लागतात. तापायलाही वेळ घेतो. त्याची सिलिकॉनची रिंग वास धरून ठेवते. मटणानंतर त्यात तांदळाची खीर केलीस तर पाहुणे विचारतील काय घातलंय. दोन रिंगा ठेवाव्या लागतात. फोडणीचं बटण असतं, पण मोहरी तडतडायची वाट बघत उभं राहावं लागतं. दादा जुना पाठवतो म्हणाला तर नको म्हण. अमेरिकेतला ११० ते १२० व्होल्टचा, इथल्या २३० वर लावलास तर संपला. आणि वीज गेली की जेवण थांबलं. पुण्यात ते चालून जाईल, पण सुट्टीत गावी नेऊन उपयोग नाही.

शिट्ट्यांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. शिट्टी हे घड्याळ नाही. आच मोठी तर शिट्ट्या भराभर, कुकर भरलेला तर उशिरा. पहिली शिट्टी झाली की आच बारीक कर आणि मिनिटं मोज. दोन्ही प्रकारच्या कुकरांना हे लागू आहे. भरायचा तो दोन तृतीयांशापर्यंत, डाळ-तांदूळ थेट शिजवताना अर्ध्यापर्यंतच. डाळीचा फेस शिट्टीतून बाहेर येऊन शेगडी बरबटण्याचं कारण बहुतेक वेळा लोभ असतो. हल्ली काही झाकणं वरून खोलगट करतात, फेस आला तरी त्या वाटीत साठतो. कल्पना चांगली, पण ती वाटी घासायचं काम वाढतं.

रिंग दोन्हींची कडक होते. फ्रीजरमध्ये ठेवून तिच्याकडून आठवडाभर काम काढून घेता येतं, पण ती वेळ आली म्हणजे नवी आणायची. दुकानात विचार, या मॉडेलची रिंग आणि व्हॉल्व्ह इथेच मिळतात का. मिळत नसतील तर कुकर कितीही देखणा असो, दोन वर्षांत माळ्यावर जाईल. आणि झाकणावर आयएसआयची खूण बघ. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरला ती सक्तीची आहे, तरीही ऑनलाइन विक्रीत खूण नसलेले कुकर सापडले आणि २०२२ मध्ये त्यावरून दंडही झाले.

तर तुझ्यापुरतं. तू एकटी, सकाळी डबा न्यायचा, रात्री वरण-भात. आईचे डबे तुझ्याकडे आहेत. मी असते तर तीन लिटरचा, सरळ भिंतींचा, बाहेरच्या झाकणाचा, खाच असलेला घेतला असता, आणि वाफ जिरेपर्यंत हात मागे ठेवायची सवय लावली असती. हंडीवाला पुढच्या वर्षी उसळींसाठी घे, दीड-दोन लिटरचा. पण तुझं रोजचं जेवण म्हणजे छोले-पुलाव असेल (आणि मला शंका आहे की तसंच आहे) तर क्रम उलटा कर.

दुकानात जाताना खालचा डबा पिशवीत घालून ने. दुकानदार हसेल. हसू दे, कुकरमध्ये तो डबा घालून बघ, आणि वर बोटभर जागा उरते का तेही बघ.