रात्री फोन उचलणारं पेट क्लिनिक, पुणे - ४ स्टार

एक स्टार पार्किंग आणि बिलासाठी कापलाय, ते शेवटी सांगते. बाकी आमच्या लॅब्राडोर कुत्र्याने आईच्या सनस्क्रीनची ट्यूब चावून चाटून साफ केली तेव्हा यांनी रात्री बाराच्या सुमारास फोन उचलला, आणि उचलून नुसतं "घेऊन या" असं नाही म्हणाले. वजन किती, किती वेळ झाला, ट्यूबमधे काही उरलंय का, झाकण सापडलं का आणि मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा, असं सगळं विचारलं. आमच्या ट्यूबवर झिंक ऑक्साइड आणि ऑक्टिसॅलेट होतं. झिंकने पोट बिघडतं, उलट्या होतात, आणि ऑक्टिसॅलेट हे सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनच्याच घरातलं, त्यामुळे बरंच पोटात गेलं असेल तर दाखवायलाच हवं म्हणाले.

इकडे शेजारचे काका मिठाचं पाणी पाजा म्हणून मागे लागलेले (सोसायटीत एक तरी असतोच). फोनवर डॉक्टर जवळपास ओरडलेच, मीठ अजिबात नको, सोडियम वाढून कुत्र्याला फिट्स येतात. उलटी करवायची तर इथे इंजेक्शन देऊन, आणि ती पण दरवेळी नाही, हेअर रिलॅक्सरसारखं (केस सरळ करायचं क्रीम) जळजळीत काही असेल तर ते वर येताना परत अन्ननलिका भाजतं आणि नेलपेंट रिमूव्हर असेल तर श्वासात जायची भीती. शुगर फ्री टूथपेस्ट किंवा लिप बाम पण खाल्लंय का हे दोनदा विचारलं, त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असलं तर अर्ध्या तासात शुगर खाली येऊ शकते, लिव्हरवर पण जातं.

गेल्यावर वेट करायला लावलं नाही. इंजेक्शननंतर पठ्ठ्याने सगळं बाहेर काढलं, त्यात झाकणाचा तुकडा पण निघाला. एक्सरे काढायचा का विचारलं तर डॉक्टर सरळ म्हणाले प्लास्टिक त्यात बऱ्याचदा दिसत नाही, उगाच पैसे नका घालवू, परत उलट्या झाल्या किंवा शी झाली नाही तर सोनोग्राफी करू. हे मला फार आवडलं, नाहीतर आधीच्या एका ठिकाणी आत शिरल्या शिरल्या टेस्टची यादी हातात.

आता तक्रार. रात्रीचा चार्ज वेगळा लागतो हे फोनवरच सांगा ना, बिल बघून नवरा गप्पच झाला. आणि पार्किंग शून्य, चाळीस किलोचं ओकणारं कुत्रं उचलून गल्लीच्या टोकापासून चालत यावं लागतं.