बटाटा तोफेला ठिबकचा एक इंची सोलेनॉइड व्हॉल्व्ह, आठ महिने वापरून लिहितोय

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू उसाच्या ठिबकवाल्यांसाठी नाही, त्यांच्यासाठी व्हॉल्व्ह चांगलाच आहे, मोटर बंद झाली की बंद आणि टायमर लावला की चालू, त्यात नवीन काय. मी हा करंटवर उघडणारा व्हॉल्व्ह घेतला बटाटा तोफेसाठी. हवेवर चालणारी तोफ, म्हणजे मागे हवेची टाकी, मधे व्हॉल्व्ह, पुढे नळी, नळीत बटाट्याचा तुकडा. व्हॉल्व्ह उघडला की हवा तुकड्याला ढकलते, बस एवढंच. हा नाद मला दोन वर्षांपासून आहे, पुतण्या नववीत आहे तो आणि बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करणारा माझा एक दोस्त असे आम्ही तिघं रविवारी हेच करतो, घरचे म्हणतात काय करालासा रे बाबांनो, पण जेवायची हाक मारायला तेच बांधावर येतात आणि मग तेही थांबून दोन शॉट बघून जातात.

पहिलं वर्ष आम्ही बॉल कॉकवर काढलं. पितळी, एक इंची, हाताने फिरवायचा. बटाटा पंचवीस पावलांवर पडायचा आणि आम्हाला वाटायचं हवा कमी पडालीय, म्हणून हवा वाढवायची, तीसची चाळीस, चाळीसची पन्नास पाउंड (म्हणजे गेजवरचा पीएसआय). इथंच सगळी चूक होती आणि मला वाटतं या नादात पडलेला प्रत्येक माणूस हीच चूक करतो. कॉक हाताने कितीही जोरात फिरवा, तो पूर्ण उघडायच्या आधीच बटाटा नळीतून निघून गेलेला असतो, मागची निम्मी हवा मग नुसती फुस्स करून जाते. म्हणजे कमी पडत होता तो उघडायचा वेग, हवा भरपूर होती.

आणि त्या हवा वाढवण्याच्या नादात टाकी फुटली, ते पण लिहितो कारण ते कुणीतरी वाचायला पाहिजे. टाकी आम्ही बाथरूमच्या ड्रेनेजच्या जाड दिसणाऱ्या पाईपची केली होती, त्यावर आयएस १३५९२ छापलेलं असतं, म्हणजे तो सांडपाण्याचा पाईप, प्रेशरसाठी नाहीच. एप्रिलचं ऊन, पाईप दुपारभर गच्चीवर पडलेला, सांधा पण आदल्या रात्रीच चिकटवलेला. पंचेचाळीस पाउंडला सांध्याजवळ फुटला आणि एक तुकडा पत्र्याच्या शेडमधून आरपार गेला. पुतण्या चार फुटांवर उभा होता. त्या रात्री मला झोप आली नाही, खरंच सांगतो.

पाण्याच्या प्रेशरचे पाईप (ते आयएस ४९८५ वाले, ज्यावर ४ किलो ६ किलो १० किलो असा क्लास छापलेला असतो) घेतले तरी तो आकडा पाण्यासाठी आहे. पाणी दाबलं जात नाही म्हणून चीर पडली की प्रेशर लगेच उतरतं. हवा दाबून भरलेली असते स्प्रिंगसारखी, ती सगळी एकदम सुटते, आणि पीव्हीसी फाटत नाही, काचेसारखं तुकडे होऊन उडतं, त्यात ऊन लागून ते अजून नाजूक होतं. म्हणून आमची टाकी आता जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपची) आहे, दोन इंची, अडीच फूट, निळ्या पट्ट्याचा म्हणजे बी क्लास, दोन्हीकडे आटे पाडून कॅप, एका कॅपवर गेज आणि सेफ्टी व्हॉल्व्ह (तो कॉम्प्रेसर रिपेअरवाल्याकडून पस्तीसला सेट करून घेतला), हवा भरायला सायकलचा पायपंप. जड आहे, खांद्यावर घेऊन रानात जायचं म्हणजे दमायला होतं. पण जडच पाहिजे.

आता व्हॉल्व्हचं. खडेबाजारच्या पुढे ठिबकची दुकानं आहेत तिथल्या एकात घेतला, मालक कन्नड बोलणारे, मी माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये २४ वोल्ट इदेया (आहे का) म्हणून विचारलं तर त्यांनीच शुद्ध मराठीत किती एकराला पाहिजे म्हणून विचारलं. मी खरं सांगितलं कशाला पाहिजे ते. हसले नाहीत, उलट पेटीतून तीन काढून त्यातला ज्याचा आतला पडदा मऊ होता तो मला दिला आणि सांगितलं अंगावरचा बाण बघून बसवा. साडेनऊशे रुपये.

बसवल्यावरचा पहिला शॉट त्याच तीस पाउंडला. शंभर पावलं!! आम्ही मोजायला गेलो आणि पुतण्या परत परत मोजत होता. हवा तीच, नळी तीच (४० एमएमची, चार फूट, ती पीव्हीसीच आहे कारण पुढून उघडी असते आणि प्रेशर क्षणभरच असतं), फक्त उघडणारा बदलला.

काम कसं करतं तर आत रबराचा पडदा असतो, त्याच्या वर थोडी हवा अडकून राहते आणि तीच पडद्याला दाबून धरते. करंट दिला की वरची ती हवा एका बारीक भोकातून निघून जाते आणि खालच्या हवेच्या जोरावर पडदा स्वतःच उचलतो. म्हणून हाताला जमत नाही ते याला जमतं.

पण कटकटी आहेत, त्या मला एकेक करून कळल्या. एक म्हणजे दहा पाउंडाच्या खाली हा नीट बसतच नाही, सूं सूं करत राहतो, आम्ही पहिल्या दिवशी खराब माल म्हणून परत करायला निघालो होतो, पायपंप भराभर मारला तर बसला. बाण उलटा लावला तर बंदच होत नाही, सगळी हवा नळीतून निघून जाते. सांध्यातून हवा जातेय की पडद्यातून हे कळायला भांड्याचा साबण पाण्यात कालवून ब्रशने लावा, बुडबुडे कुठे येतात बघा, नळीच्या तोंडातून हवा येत असेल तर पडदाच, तिथं तोंड नेऊन बघू नका, हात पण नको, एक कागदाची पट्टी लांब काठीला लावून धरा.

पडदा गळायला लागण्याचं कारण आमच्याकडे दर वेळी एकच निघालं, बटाट्याचा रस. तो मागे ओघळतो, सुकला की पांढरा डिंकासारखा होतो आणि त्यात मातीचा कण बसला की झालं. आता घरी आलो की चार स्क्रू काढून पडदा साध्या पाण्यात धुतो, दहा मिनिटांचं काम.

रानात लाईट नाही, २४ वोल्ट एसी कुठून आणणार, तर नऊ वोल्टच्या दोन चौकोनी बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या आणि बेलचं बटण लावलं, मस्त चालतं. एसीची कॉइल डीसीवर जास्त करंट ओढते म्हणून कमी वोल्टेजवर पण उचलते, पण त्याच कारणाने बटण दाबून धरायचं नाही, कॉइल तापते. टक् करून सोडायचं.

सगळ्यात महत्त्वाचं. बटण दाबलं आणि शॉट सुटला नाही तर वरचा ब्लीड स्क्रू उघडून हवा सोडू असं वाटतं, ते अजिबात करू नका. तो स्क्रू पडद्यावरचीच हवा सोडतो, म्हणजे व्हॉल्व्ह उघडतो, म्हणजे तोफ सुटते. टाकीला वेगळा छोटा कॉक ठेवा आणि हवा तिथूनच सोडा. भरताना पण आधी बटाटा मग हवा, हा क्रम आम्ही कधीच बदलत नाही.

तक्रार एकच मोठी, बॉडी प्लास्टिकची आहे आणि आटे पण प्लास्टिकचे. जीआयचा निपल पान्याने आवळला तर चिरतात, माझा पहिला व्हॉल्व्ह असाच गेला, त्यात माझीच घाई. टेफ्लॉन टेप मारून हाताने घट्ट आणि वर एकच फेरा. १० बार छापलंय ते पण पाण्याचंच, मी हवेला तीसच्या वर नेत नाही आणि व्हॉल्व्हवरून जुन्या टायरचा तुकडा गुंडाळून बांधतो.

बटाटा कडोलीकडचा ताजा असेल तर नळीत कसा गच्च बसतो! दोस्ताने लेथवर नळीचं तोंड धार काढून दिलंय, बटाटा त्यावर दाबला की आपोआप गोल कापला जातो. जुना, मऊ पडलेला असेल तर बाजूने हवा निघून जाते. खायचा बटाटा आम्ही उडवत नाही, मार्केट यार्डातून हिरवे पडलेले आणतो, ते तसेही खाऊ नयेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची होल्मन प्रोजेक्टर नावाची वाफेवर आणि दाबाच्या हवेवर चालणारी तोफ होती, तिच्यातून खलाशी सरावाला बटाटे उडवायचे, हे पुतण्याला सांगितलं तेव्हापासून तो आमच्या तोफेला होल्मन म्हणतो.

एक हात जोडून सांगणं. आमच्याकडे खानापूर भागात माकडं डुकरं हाकायला कार्बाइडच्या पाईप गन वापरतात, दिवाळीला पोरं पण घेतात. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन गॅस होतो, पेटला नाही म्हणून पोरगं वाकून आत बघतं आणि तेव्हाच पेटतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात यानेच शंभराच्या वर लोकांचे डोळे दुखावले, त्यात बहुतेक मुलं. हेअरस्प्रेने पेटवायच्या तोफा पण त्यातल्याच. मला रोज कुणी ना कुणी विचारतं की आवाज मोठा येईल असं काही सांगा, मी सांगत नाही.

आम्ही भात काढलेल्या रानातच उडवतो, शेजारच्या मळ्यात आधी सांगून, गुरं आणि माणसं नाहीत बघून, डोळ्यांना लेथवरचा चष्मा.

व्हॉल्व्हला पाचातले चार. घेताना सुटा पडदा मिळतो का विचारा, आमच्या दुकानात नव्वद रुपयाला मिळाला, आणि दोन घेऊन ठेवा, कारण सहा महिन्यांनी माझ्या पडद्याची कड कडक झाली आणि तेव्हा त्यांच्याकडे संपला होता, तीन रविवार आम्ही बसून काढले.