लाल चादरीचा तुकडा, मामांची विहीर आणि पाण्यातला स्ट्रोब

पाण्याखालच्या फोटोंसाठी बाहेरून लावायचा स्ट्रोब, म्हणजे कॅमेऱ्यापासून वेगळा फ्लॅश, कुठला घ्यावा हे मला तीन-चार जणांनी विचारलंय, प्रत्येकाला वेगळं टाईप करण्यापेक्षा इथंच सगळं लिहिते. माझ्याकडं ऑलिंपस टीजी-६ कॅमेरा आहे, त्याचं पीटी-०५९ हाउसिंग (पाणी आत न जाऊ देणारी पेटी) आहे आणि आता इनॉन एस-२००० हा स्ट्रोब. सोलापुरात समुद्र नाही हे मलाही माहितीय 🙂 पण वर्षातनं दोनदा तारकर्लीला आणि जमलं तर कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर जाते, बाकीचा सराव मोहोळकडं मामांच्या विहिरीत.

विहिरीचंच आधी सांगते कारण माझा निर्णय तिथंच झाला. आमच्या घरी यंत्रमाग आहेत, लहानपणापासून चादरीचे रंग बघत आलेय, त्यामुळं फोटोत लाल रंग मेला की मला सहन होत नाही. तारकर्लीचे माझे पहिले फोटो सगळे हिरवट-करडे आले, माशाच्या अंगावरचा लाल पट्टा काळा दिसत होता. मग एकदा लाल चादरीचा एक तुकडा दगडाला बांधून विहिरीत दहा-बारा फुटांवर सोडला, मामा काठावर दोर धरून, मी दम धरून खाली. साध्या उजेडात तो तुकडा चक्क तपकिरी दिसला. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश मारला तर लाल थोडा आला पण समोर नुसते पांढरे ठिपकेच ठिपके, विहिरीतलं शेवाळ आणि गाळ सगळा चमकला. नंतर ओळखीच्या एका डायव्हरकडनं आणलेला स्ट्रोब लांब आर्मवर, म्हणजे तो धरणाऱ्या दांड्यावर, बाजूला लावून मारला आणि स्क्रीनवर आमच्या मागावरचा लाल जसाच्या तसा आला. मामा वरनं विचारत होते, "काय करालीस गं एवढा वेळ, वर ये की आता!" मला वर यायचंच नव्हतं.

असं का होतं, तर पाणी लाल रंग सगळ्यात आधी खातं. स्वच्छ समुद्रातसुद्धा पाचेक मीटरवर लाल जवळजवळ संपलेला असतो. आणि स्ट्रोबचा उजेडही पाण्यातनंच जातो आणि पाण्यातनंच परत येतो, म्हणजे विषय (ज्याचा फोटो काढायचा ती गोष्ट) एक मीटरवर असला तर उजेडाचा प्रवास दोन मीटरचा. त्यात परत अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. म्हणून कितीही महागडा स्ट्रोब घ्या, दीड मीटरच्या पुढचा मासा त्यानं रंगत नाही. जवळ जाणं हेच खरं, पॉवर त्यानंतर.

ठिपक्यांचं कारण पण सोपं आहे. धुळीच्या रस्त्यावर रात्री हेडलाईट लावला की समोर धूळच दिसते ना, तसं. कॅमेऱ्याचा फ्लॅश लेन्सला चिकटून असतो, त्यामुळं लेन्ससमोरचा प्रत्येक कण उजळतो. स्ट्रोब बाजूला नेऊन थोडा बाहेरच्या दिशेनं वळवला की उजेडाची फक्त कड विषयावर पडते आणि मधलं पाणी अंधारात राहतं. मालवणच्या बाजूला पाणी बऱ्याचदा गढूळ असतं, तिथं हा आर्मच तुमचा फोटो वाचवतो. म्हणून माझं स्पष्ट मत, सगळे पैसे स्ट्रोबवर घालवू नका, ट्रे (कॅमेऱ्याखाली बसवायची पट्टी), बॉल माउंटचे दोन आर्म, क्लॅम्प, केबल आणि चांगल्या बॅटऱ्या यासाठी निदान तिसरा हिस्सा बाजूला ठेवा.

आता मी काय काय बघितलं ते. सी अँड सी वायएस-०३ छोटा आहे, सोपा आहे, पण तो पूर्ण ऑटोमॅटिक, पॉवर आपल्या हातानं कमी-जास्त करता येत नाही. चंदेरी मासा किंवा पांढरी वाळू आली की टीटीएल, म्हणजे उजेड आपोआप ठरवायची सोय, हमखास गंडतं, आणि तेव्हा हातानं कमी करता आलं पाहिजे, म्हणून तो सोडला. बॅकस्कॅटर मिनी फ्लॅश १८६५० नावाच्या एका रिचार्जेबल सेलवर चालतो, खास मॅक्रोसाठी, म्हणजे अगदी जवळनं बारीक गोष्टी काढायला आहे, पुढं स्नूट (उजेड अरुंद करणारी नळी) लावून फक्त एका न्यूडीब्रँचवर (रंगीत समुद्री गोगलगायीवर) उजेड पाडता येतो, फार मोह झाला खरं तर, पण मला कधीतरी माणसासकट कातळ पण काढायचा असतो. इनॉन झेड-३३० चा गाईड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, ३३, एस-२००० चा २०. हे आकडे हवेतले असतात बरं का, पाण्यात ते निम्म्याच्याही खाली येतात, त्यामुळं नुसत्या आकड्यावर जाऊ नका. वाईड लेन्स लावून मोठे सीन काढणाऱ्यानं झेड-३३० बघावा, तोही शक्यतो दोन. मी निम्म्याहून जास्त फोटो फूटभर अंतरावरनं काढते, मला २० पुरतो. शिवाय एस-२००० ला एस-टीटीएल (इनॉनचं ऑटोमॅटिक टीटीएल) पण आहे आणि मॅन्युअल पण, चार एए सेलवर चालतो आणि हातात मावतो. आता नवीन घेणाऱ्यानं याच कंपनीचा एस-२२० बघावा, माझा सेकंडहँड आहे.

जोडणी फायबर ऑप्टिक केबलची, म्हणजे कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाला की तो उजेड केबलमधनं जाऊन स्ट्रोबला उडवतो. वायर नाही त्यामुळं हाउसिंगला वेगळं भोक पाडायची भानगड नाही. टीजी-६ वर फ्लॅश फिल-इनला (दरवेळी उडेल असा) ठेवायचा आणि हाउसिंगवर फ्लॅशसमोर काळी पट्टी, नाहीतर परत तेच ठिपके. केबल मागवताना दोन्ही टोकांचा प्लग विचारून घ्या. एका ऑनलाईन दुकानानं मला चुकीच्या टोकाची पाठवली, परत घेतली नाही, ट्रीपच्या आदल्या दिवशी मी रडकुंडीला आले होते.

सेल एनेलूपसारखे चांगले रिचार्जेबलच घ्या, चारही एकाच वयाचे. साध्या अल्कलाईनवर दुसऱ्या फ्लॅशसाठी इतका वेळ थांबावं लागतं की मासा निघून जातो.

आणि ओ-रिंग, म्हणजे झाकणातनं पाणी जाऊ नये म्हणून बसवलेली रबरी कडी. इनॉनच्या आधी माझ्याकडं एक जुना स्ट्रोब होता, त्याच्या बॅटरीच्या झाकणातनं पाणी गेलं आणि तो कायमचा गेला. उघडून बघितलं तर ओ-रिंगवर सुताचा एक तंतू, केसापेक्षा बारीक. आमच्या घरात मागामुळं तंतू उडतच असतात, तरी मी तिथं बसून झाकण लावलं होतं, चूक माझीच. आता गच्चीवरच्या खोलीत दार लावून, पंखा बंद करून, बोट फिरवून ओ-रिंग तपासते, सिलिकॉन ग्रीस अगदी तांदळाच्या दाण्याएवढं. कापसाच्या फडक्यानं ओ-रिंग कधीच पुसू नका.

समुद्रावरनं आल्यावर गोड्या पाण्यात निदान अर्धा तास बुडवून ठेवावा लागतो, बटणं हलवत. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, म्हणून ट्रीपला निघायच्या आधीच एक बादली भरून झाकून ठेवते आणि घरच्यांना सांगून जाते की ही हलवायची नाही.

सोलापुरातल्या दुकानात स्टुडिओचे फ्लॅश मिळतात, पाण्यातले नाहीत, बाहेरनंच मागवावे लागतात. त्यामुळं घ्यायच्या आधी कुणाला हातात धरून बघायचा असेल तर कमेंटमध्ये सांगा, रविवारी मामांच्या विहिरीवर जाऊ. पोहता येत असेल तरच उतरायचं, आणि वर दोर धरायला एक माणूस हवाच. चादरीचा तुकडा मी आणते.