ओपनएसएसएलचं कॉन्फिगर: विंडोज, रास्पबेरी पाय आणि अँड्रॉइड तिन्हीकडे बिल्ड करून बघितलं, पाचपैकी साडेतीन स्टार

आधीच सांगून टाकतो, मी काही क्रिप्टोग्राफीवाला नाहीये. भुसावळात छोटं दुकान आहे, सीसीटीव्ही, नेटवर्किंग आणि थोडंफार कंट्रोलरचं काम. आमच्या रावेर-सावदा पट्ट्यात केळी पिकवायची रायपनिंग चेंबरं आहेत ना, तिथे टेंपरेचर १६ ते १८ अंशांच्या मधे धरून ठेवावं लागतं आणि ते चढलं की मालकाच्या मोबाईलवर बोंब मारावी लागते, तर ती बोंब मारणारा डबा मी बनवतो. डब्यात रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर विंडोजचा प्रोग्रॅम आणि मालकाच्या हातात अँड्रॉइड ॲप. कोड तिन्हीकडे एकच, सीमधला, आणि तिन्हीकडे टीएलएस (नेटवरचं बोलणं कुलूपबंद करायची पद्धत) पाहिजेच, म्हणून ते देणारी ओपनएसएसएल लायब्ररी सोर्सपासून बिल्ड करायची, म्हणजे कोडपासून स्वतः बनवायची वेळ आली. व्हर्जन ३.५ घेतली कारण ती एप्रिल २०२५ ची एलटीएस, म्हणजे लांब मुदतीची आवृत्ती आहे, २०३० च्या एप्रिलपर्यंत तिला सिक्युरिटी फिक्स मिळणार, तोवर डब्याची चिंता नको.

हा रिव्ह्यू लायब्ररीचा नाही बरं का, तिच्या बिल्ड सिस्टीमचा आहे. लायब्ररीला स्टार द्यायची माझी लायकी नाही.

तर यांच्याकडे बिल्डची नेहमीची साधनं नाहीत, सीमेक नाही, ऑटोटूल्स पण नाही. आहे ती कॉन्फिगर नावाची, पर्ल या जुन्या भाषेतली एक मोठ्ठी स्क्रिप्ट. म्हणजे सी लायब्ररी बनवायला आधी पर्ल पाहिजे, हे ऐकून माझा पुण्यातला मित्र हसून राहिला होता, म्हणे २०२५ मधे पर्ल कोण लावतं भो. पण त्यात दम आहे. प्रत्येक फोल्डरमधे बिल्ड डॉट इन्फो नावाची छोटी फाईल असते, त्यात कोणत्या सोर्सपासून काय बनायचं तेवढंच लिहिलेलं, आणि कोणत्या मशीनला कोणता कंपायलर, कोणते फ्लॅग ते टार्गेटच्या, म्हणजे ज्या मशीनसाठी बनवायचं तिच्या, याद्यांमधे वेगळं. कॉन्फिगर या दोघांची गाठ मारून तुमच्या मशीनपुरती मेकफाईल, म्हणजे मेक या प्रोग्रॅमसाठी कामाची यादी काढून देतं, विंडोजवर असाल तर तिथल्या एनमेकची. ही एकत्रित पद्धत २०१६ च्या १.१.० पासून आली, त्याच्या आधी विंडोजचा संसारच वेगळा होता, डू-एमएस नावाच्या बॅच फायली चालवायच्या, मग एमएस फोल्डरमधल्या मेकफायली. मी तो जमाना एकदाच बघितलाय, पुन्हा नको. आता टार्गेटचं नाव बदललं की बाकी कमांड जवळपास तीच राहते, आणि नावं पाठ नसतील तर कॉन्फिगरला लिस्ट म्हणायचं, अख्खी यादी छापून देतं. लिनक्सच्या पीसीवर काहीच नाव नाही दिलं तरी ते स्वतः अंदाज घेतं आणि तो बरोबर निघतो. ह्या गोष्टीला पूर्ण मार्क.

पर्लची एक कटकट सांगतो. उबंटूवर काही त्रास नाही, पण रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर पर्ल तुकड्या-तुकड्याने येतं, तिथे कॉन्फिगर सुरू होताच आयपीसी-सीएमडी मॉड्यूल सापडत नाही म्हणून आपटतं. पर्ल-कोर नावाचं पॅकेज टाकलं की मिटतं. दहा मिनिटांचं काम, पण तुम्हाला माहीत नसेल तर दुपार जाते.

आता मुख्य रडगाणं. यात चूक माझीच, आधीच कबूल करतो.

कॉन्फिगरला दोन रस्ते सांगावे लागतात, प्रीफिक्स आणि ओपनएसएसएलडिर. मला वाटलं प्रीफिक्स म्हणजे माल कुठे ठेवायचा ती जागा, म्हणून लॅपटॉपवर माझ्या होम फोल्डरमधे आउट नावाचं फोल्डर केलं आणि तेच दिलं, दुसऱ्याकडे लक्षच नाही दिलं. पायसाठी क्रॉस-कंपाइल केलं, म्हणजे लॅपटॉपवर बसून पायचा माल बनवला, फायली उचलून डब्यात टाकल्या, दुकानात टेस्ट केली तर एकदम झकास. झकास का, तर दुकानातल्या टेस्ट सर्व्हरचं सर्टिफिकेट मी कोडमधे हातानेच भरलेलं होतं! डबा सावद्याला गेला, खऱ्या सर्व्हरला लागला आणि तिथे रोज एकच एरर, लोकल इश्युअर सर्टिफिकेट मिळत नाही. डबा जागेवर बरोबर मोजून राहिला, बोंब मात्र मारून नाही राहिला. नशीब, चेंबरवाले आबा दिवसातून चारदा स्वतः आत जाऊन बघणारे आहेत, त्यांनीच फोन केला, "तुझा डबा मुका शे का रे भाऊ?"

आत काय झालं होतं ते ऐका. ओपनएसएसएलडिर दिलं नाही तर ते प्रीफिक्सच्या खाली एसएसएल नावाचं फोल्डर धरतं, आणि हा रस्ता कंपाइल होतानाच बायनरीत कोरला जातो. म्हणजे माझा डबा सावद्याच्या चेंबरमधे बसून भुसावळच्या लॅपटॉपवरचं माझं होम फोल्डर शोधत होता, विश्वासाची सर्टिफिकेटं तिथे मिळतील म्हणून. डब्यावर ओपनएसएसएल व्हर्जन, पुढे हायफन डी, एवढी कमांड मारली तर ते स्वतःच सांगतं की मी कुठे बघतोय. मी ती मारली आणि कपाळाला हात लावला, डब्यात माझ्या लॅपटॉपच्या युजरचं नाव!

बरोबर पद्धत अशी. प्रीफिक्समधे माल शेवटी जिथे नांदणार ती जागा सांगायची, म्हणजे पायवरची, उदाहरणार्थ ऑप्ट फोल्डरमधली तुमची जागा. ओपनएसएसएलडिर म्हणून ईटीसी-एसएसएल द्यायचं, कारण पायच्या ओएसमधे सर्टिफिकेटं तिथेच असतात. आणि लॅपटॉपवर तात्पुरतं गोळा करायचं तर मेक इन्स्टॉल करताना डेस्टडिर द्यायचं, ते नुसतं पुढे जोडलं जातं, बायनरीत जात नाही. मुलीचं सासर कुठलं ते पत्रिकेत छापायचं, वऱ्हाड कुठे उतरलंय ते नाही, इतकं साधं आहे, पण मला आठ दिवस लागले. सोबतच्या इन्स्टॉलच्या फाईलमधे हे सगळं लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं. तरी माझं म्हणणं हेच की क्रॉस-कंपाइल चाललंय हे दिसत असताना आणि प्रीफिक्स होमच्या आत असताना एक ओळीची वॉर्निंग द्यायला काय हरकत आहे? अर्धा स्टार इथे कापला.

मधल्या काळात एका ओळखीच्या डेव्हलपरने सल्ला दिला की व्हेरिफाय, म्हणजे सर्टिफिकेट तपासणं बंद करून टाक, लगेच चालेल. चालेल ना, कोणाशीही चालेल, मधे बसून खोटं टेंपरेचर पाठवणाऱ्याशी पण चालेल. मग टीएलएसचं ओझं वाहायचंच कशाला.

बाकी क्रॉस-कंपाइलची कमांड सोपी आहे, लिनक्स-एआर्च६४ टार्गेट आणि क्रॉस-कंपाइल-प्रीफिक्समधे टूलचेनचं, म्हणजे पायसाठीच्या कंपायलर-संचाचं नाव. फक्त त्या नावाच्या शेवटचा हायफन विसरू नका, ते नुसतं जीसीसी या कंपायलरच्या नावापुढे चिकटवलं जातं, हायफन नसला तर भलत्याच नावाचा कंपायलर शोधत बसतं. सरळ पायवरच बिल्ड करावं म्हटलं तर मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला, पत्र्याच्या दुकानात पाय ८० अंशांवर जाऊन स्वतःचा वेग कमी करतो आणि मेक रेंगाळतं, वरून लाईट गेली की वेगळंच. एक बरं आहे की लाईट आल्यावर मेक परत मारलं तर बनलेल्या फायली सोडून पुढचं बनवतं. तरी लॅपटॉपवरच करा.

विंडोज. इथे पर्लसोबत नॅझम हे असेम्बलर पाहिजे, कारण असेम्ब्लीचा, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेतला भाग पर्ल स्क्रिप्टमधूनच तयार होतो आणि विंडोजवर तो जुळवायला नॅझम लागतं, आणि ते पाथमधे असलं पाहिजे. मी गिट बॅशमधलं पर्ल वापरायला गेलो तर कॉन्फिगरने स्पष्ट सांगितलं की हे पर्ल विंडोजसारखे रस्ते देत नाही, तुमच्या प्लॅटफॉर्मला जुळणारं आणा. बघा, इथे वॉर्निंग आहे, आणि किती छान शब्दात! स्ट्रॉबेरी पर्ल टाकलं, व्हिज्युअल स्टुडिओचा ६४ बिटवाला प्रॉम्प्ट उघडला, टार्गेट व्हीसी-विन६४ए, मग एनमेक. एनमेक एका वेळी एकच फाईल करतं त्यामुळे वेळ लागतो, मी तेवढ्यात स्टेशनजवळ जाऊन शेवभाजी खाऊन आलो, आलो तेव्हा पण चालूच होतं.

पहिल्या वेळी मी नॅझमचा कंटाळा करून नो-असेम (असेम्ब्ली नको) दिलं होतं. बिल्ड झालं, चाललं पण. पण मग प्रोसेसरमधल्या एईएस या एन्क्रिप्शनच्या खास सूचना वापरल्याच जात नाहीत, सगळं साध्या सीमधून, आणि ओपनएसएसएल स्पीड ही कमांड मारून बघितलं तर एईएस-जीसीएम कितीतरी पट मागे. डब्याला काही फरक पडत नाही म्हणा, चार आकडे पाठवायचे, पण असेम काढायचं तर कारण असावं, आळस हे कारण नाही. पायची अजून एक गंमत, पाय ४ च्या चिपमधे एईएसच्या त्या सूचना मुळातच नाहीत, पाय ५ मधे आहेत. त्यामुळे पाय ४ वर चाचा२०-पॉली१३०५ हे दुसरं एन्क्रिप्शन एईएसपेक्षा वेगात निघतं. मी डब्यावर तेच पुढे ठेवलंय.

नो लावून काढायच्या गोष्टींची यादी लांबलचक आहे, तिच्यात जास्त शिरू नका. पण ही सोय शोभेची नाही. २०१४ मधे ओपनएसएसएलमधलं हार्टब्लीड नावाचं भोक निघालं तेव्हा ज्यांना १.०.१जी वर लगेच जाता येत नव्हतं त्यांना सांगितलं गेलं होतं की नो-हार्टबीट्सचा फ्लॅग देऊन परत कंपाइल करा. म्हणजे बिल्डचा एक फ्लॅग भोक बुजवत होता. उलट बाजू पण आहे, डेबियन लिनक्समधे २००६ साली पॅकेज करणाऱ्यांनी वॉर्निंग येते म्हणून सोर्समधलीच ओळ बंद केली आणि २००८ पर्यंत किल्ल्या बनवायच्या रँडम आकड्यांसाठी जवळपास नुसता प्रोसेस आयडीच उरला, एका प्रकारच्या मशीनवर एका साईजच्या फार तर ३२,७६८ वेगळ्या किल्ल्या. म्हणून मी सोर्सला हात लावत नाही, जे करायचं ते कॉन्फिगरच्या कमांडीतच, आणि ती कमांड वहीत लिहून. वही हरवली तरी कॉन्फिगडेटा नावाची पर्ल फाईल बनलेली असते, तिला डंप म्हटलं की काय चालू, काय बंद, कोणता कंपायलर, सगळं पाढ्यासारखं म्हणून दाखवते. मला ह्या अख्ख्या सिस्टीममधे सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. आता मेक मारायच्या आधी डंप वाचतोच.

लिनक्स पीसीवाल्यांसाठी, हाताने टाकलेलं ओपनएसएसएल ६४ बिटवर लिब६४ मधे जातं आणि उबंटू तिकडे बघत नाही, मग लिबएसएसएल डॉट एसओ डॉट ३ सापडत नाही असं रडतं. लिबडिरमधे लिब द्या, एलडीकॉन्फिग मारा. आणि प्रीफिक्स नुसतं यूएसआर देऊन सिस्टीमचं ओपनएसएसएल तुडवू नका, एसएसएच (लांबून लॉगिन करायचं साधन) पण त्याच्यावरच उभं असतं.

मेक इन्स्टॉल मारलं की मॅन्युअलची पानं बनवत बसतं, त्याला फार वेळ लागतो. इन्स्टॉल-एसडब्ल्यू मारा, नुसतं सॉफ्टवेअर जातं. मेक टेस्ट मात्र सोडू नका. क्रॉस-कंपाइलवाली टेस्ट लॅपटॉपवर सरळ चालत नाही हे खरं, पण त्याच व्हर्जनची लॅपटॉपवरची टेस्ट तरी चालवा.

अँड्रॉइडचं मला वाटलं होतं अवघड जाईल, तेच सगळ्यात सरळ गेलं. एनडीके, म्हणजे अँड्रॉइडसाठी सी कोड बनवायचा संच, त्याचा रस्ता एन्व्हायर्नमेंटमधे द्या, त्यातला क्लँग कंपायलर पाथमधे पुढे ठेवा, टार्गेट अँड्रॉइड-आर्म६४, एपीआयचा नंबर हायफन डीने, आणि नो-शेअर्ड, म्हणजे वेगळी एसओ फाईल नको. शेअर्डच करणार असाल तर नवीन फोनांच्या १६ केबी पेजसाठी लिंकरला मॅक्स-पेज-साईज १६३८४ द्यावा लागतो, तो फ्लॅग पण कॉन्फिगरच्याच ओळीत शेवटी लिहिला की ते मुकाट पुढे पाठवतं. दुसरा अर्धा स्टार वेळ खाणाऱ्या मॅन्युअलच्या पानांसाठी कापला आणि अर्धा पर्लच्या तुकड्यांसाठी. फिप्स (अमेरिकी सरकारी मानकाचं) मॉड्यूल मी लावलेलं नाही, केळीला लागत नाही.

सावद्याचा डबा गेल्या सोमवारी नव्या बिल्डवर टाकला. आबांनी मुद्दाम चेंबरचं दार उघडं ठेवून बघितलं, फोन वाजला तर म्हणे, "आता जरा जास्तच बोली ऱ्हायना, आवाज कमी कर." तो ॲपमधला भाग आहे, कॉन्फिगरमधे त्याला ऑप्शन नाही.