वॉलपेपर कुठे लावावा: पूर्ण भिंत, छत की कपाटाची पाठ?

वॉलपेपर लावायचे ठरले की बहुतेक घरांत आधी नक्षीची चर्चा होते. नमुन्यांची जाडजूड पुस्तके चाळली जातात आणि भिंतीकडे शेवटी लक्ष जाते. मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या, चार महिने पाऊस झेलणाऱ्या घरांनी तरी हा क्रम उलटा करावा.

सर्वांत उठावदार पर्याय म्हणजे पलंगामागची किंवा दिवाणखान्यातली एक पूर्ण भिंत. ती घराच्या आतली असेल तर उत्तम. पावसाचा मारा थेट खाणारी बाहेरची भिंत किंवा न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळावी. शंका असल्यास फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करून दोन दिवस ठेवावा. त्याच्या आतल्या बाजूस दव धरले, तर ओल भिंतीतूनच येत आहे, आणि तिचा बंदोबस्त होईपर्यंत कागदावर पैसे घालू नयेत.

खर्चाचा अंदाज चौरस फुटांवरून काढला तर फसतो, पट्ट्यांवरून काढला तर जमतो. आपल्याकडे सर्रास मिळणारा रोल सुमारे २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब असतो. दहा फूट रुंद व नऊ फूट उंच भिंतीला सहा पट्ट्या लागतात. कापणीसाठी प्रत्येकी चार इंच जादा धरले तरी एका रोलमधून तीन पट्ट्या निघतात, म्हणजे दोन रोल पुरतात आणि प्रत्येकातून पाचेक फूट कागद उरतो. मात्र नक्षी दर ६४ सेंटिमीटरनी पुन्हा येत असेल, तर फुले जुळवण्यासाठी प्रत्येक पट्टी साडेदहा फुटांची कापावी लागते. मग रोल तेवढेच लागले तरी उरतो जेमतेम दीड फूट.

भिंतीसाठी व्हाइनिल (प्लास्टिकचा थर असलेला) कागद घ्यावा की नॉन-वोव्हन (न विणता, तंतू दाबून केलेला)? व्हाइनिल ओल्या फडक्याने पुसता येतो, त्यामुळे जेवणाच्या टेबलाजवळ किंवा लहान मुलांच्या खोलीत तो सोयीचा ठरतो. पण त्यातून भिंतीला श्वास घेता येत नाही आणि मागे ओल अडकली की बुरशी धरते. नॉन-वोव्हनसाठी गोंद कागदाऐवजी थेट भिंतीला लावता येतो, हा कागद ओला झाल्यावर फारसा ताणला जात नाही आणि काढताना बहुधा अखंड पट्टीच निघून येते. दोन्ही परवडत असतील तर कोरड्या शयनगृहासाठी मी नॉन-वोव्हनच निवडेन. गव्हाच्या पिठाची घरगुती खळ मात्र इथे वापरू नये. कसर आणि झुरळे तिच्यावर ताव मारतात.

कपाटाची किंवा पुस्तकांच्या फळ्यांची पाठ हा दुसरा पर्याय मला अधिक कल्पक वाटतो. कागद थोडा लागतो, हात लागून मळत नाही, आणि भिंतभर अंगावर येणारी गडद नक्षी इथे पुस्तकांच्या मधून डोकावते तेव्हा शोभते. भिंतीला लावून उरलेले पाच फूट येथेच खपवावेत.

भाड्याच्या घरात स्वयंचिकट कागद भिंतीला लावण्याचा मोह होतो, परंतु डिस्टेंपरवर तो नीट धरत नाही आणि निघताना रंगाचे पोपडे घेऊन येतो, ज्याची किंमत अनामत रकमेतून चुकती करावी लागते. त्यापेक्षा प्रायमर दिलेल्या आठ बाय चारच्या प्लायवर कागद लावून तो पलंगामागे उभा करावा. एका रोलमध्ये हे काम होते, आणि घर बदलताना प्लाय सोबत नेता येतो.

छताचा पर्याय छायाचित्रांत देखणा दिसतो. प्रत्यक्षात पंख्याच्या हुकाभोवती कापणी करावी लागते, डोक्यावर हात धरून काम करणारा कारागीर जास्त मजुरी घेतो, आणि वरच्या मजल्यावर स्लॅब गळत असेल तर प्रश्नच मिटला. प्रवेशाजवळच्या लहानशा बोळाचे छत असेल तरच विचार करावा. जिन्याच्या पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर कागद छान दिसतो, पण बुटांच्या टोकांनी वर्षभरात खरवडला जातो.

कोणताही पर्याय निवडला तरी सगळे रोल एकाच वेळी घ्यावेत आणि त्यांवरचा बॅच क्रमांक एकच असल्याची दुकानातच खात्री करावी, कारण वेगळ्या बॅचमधली छटा भिंतीवर शेजारी लागल्यावरच वेगळी दिसू लागते.