कुरणातलं गाजर गवत: तणनाशक मारावं की भुंगे सोडावेत?

गाजर गवतानं दूध कडू लागतं, हे गुरं बाळगणाऱ्याला सांगायला नको. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलेलं हे तण आज कुठल्या माळावर नाही? पिकात ते कोळप्याला दाद देतं. कुरणात मात्र गवत राखून तण मारायचं असतं. माझ्या दीड एकरात दोन्ही उपाय करून झालेत.

तणनाशकांत ग्लायफोसेट आधीच बाद, त्यानं मारवेल गवतही जळतं. राहिलं २,४-डी. ते गवताला सहसा धक्का लावत नाही. गाजर गवत मात्र पिळवटून माना टाकतं. झटपट गुण हवा असेल तर याला तोड नाही. डब्यावर लिहिलेत तेवढे दिवस गुरं लांब ठेवायची, बस.

माझं बिनसलं ते पंपावरून. कुरणात मारून झाल्यावर पंप तीनदा धुतला, साबणाच्या पाण्यानंसुद्धा. नंतर त्याच पंपानं कपाशीवर तुडतुड्यांचं औषध मारलं. काही दिवसांनी शेंड्याची नवी पानं बोटांसारखी लांबत, फाटत निघाली; बांधावरून बघणाऱ्याला वाटावं, भेंडी लावलीय! सगळ्यात वाईट हाल पहिल्या टाकीच्या ओळींचे. वेगळा पंप ठेवा म्हणतात, खरंच आहे. पण पेरणीच्या धांदलीत घरातलं कोण कुठला पंप उचलेल, याची हमी मी तरी देणार नाही.

भुंगा म्हणजे गाजर गवत खाणारा, १९८४ साली बंगळूरला सोडलेला मेक्सिकन भुंगा. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी रेघा. विकत आणावे लागले नाहीत. श्रावणात रस्त्याकडेच्या गाजर गवतावर भरपूर सापडले, भोकं पाडलेल्या बरणीत पाल्यासकट भरून आणले. पहिल्या वर्षी काहीच दिसलं नाही, पोरं हसली. दुसऱ्या पावसाळ्यात पानांची चाळण झाली, फुलोरा निम्म्यावर आला असावा, मोजलेला नाही. थंडीत भुंगे जमिनीत जातात, तेव्हा उगवलेलं सुटतं. ते ओल असताना, फुलावर यायच्या आत, हातमोजे घालून मुळासकट उपटावं लागतं. कंटाळवाणं आहे, नाही म्हणत नाही.

कुरण गच्च भरलं असेल आणि जवळपास कपाशी, द्राक्ष, टोमॅटो काही नसेल, तर एकदा २,४-डी मारायला माझी ना नाही. भुंगे सोडलेत तिथे मात्र नको, त्यांचं खाणंच जातं. माझा तो पंप सध्या माळ्यावर आहे, नोझल काढून.