वेबसाइटवर फोटो, आवाज, व्हिडिओ: फुकटातली कोणती सॉफ्टवेअरं खरंच कामाची?

स्वतःच्या साइटवर ध्वनिफीत किंवा व्हिडिओ टाकायचा म्हटलं की बहुतेक जण आधी ‘चांगला प्लेअर’ शोधायला लागतात. त्याची गरज आता उरलेली नाही. पूर्वी ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवायला लागणाऱ्या फ्लॅश या जोडसॉफ्टवेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि त्याच्या कितीतरी आधीपासून ब्राउझरमध्येच ऑडिओ-व्हिडिओचा प्लेअर बसवलेला आहे. पानाच्या एचटीएमएल कोडमध्ये एक ऑडिओ टॅग किंवा वर्डप्रेसमध्ये ऑडिओचा एक ब्लॉक, एवढ्यावर काम भागतं. घोळ होतो तो फाइलीत. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये अ‍ॅपलनेच आकडे दिलेत: ‘हाय एफिशियन्सी’ असताना १०८०पी, ३० फ्रेम्सच्या चित्रणाला मिनिटाला सुमारे ६० एमबी लागतात आणि ४के, ३० फ्रेम्सला १७० एमबी. ही फाइल जशीच्या तशी चढवली तर स्वस्तातल्या होस्टिंगवर ती चढतच नाही, आणि चढली तरी गावाकडच्या नेटवर नुसतं चक्र फिरत राहतं. म्हणून हे परीक्षण प्लेअरचं नाही, फाइल हलकी करणाऱ्या साधनांचं आहे.

सुरुवात फोटोंपासून. गूगलच्या क्रोम लॅब्सने २०१८ मध्ये आणलेलं स्क्वूश हे साधन ब्राउझरमध्येच चालतं. काही इन्स्टॉल करावं लागत नाही आणि फोटो कुठल्या सर्व्हरवरही जात नाही, आकुंचनाचं सगळं काम तुमच्याच मशीनवर होतं. फोटो ओढून टाकला की डावीकडे मूळ, उजवीकडे नवा आणि मध्ये सरकवायची पट्टी. आधी ‘रीसाइझ’ सुरू करून रुंदी १६०० पिक्सेल करा, मगच दर्जाच्या आकड्याला हात लावा. लोक उलटं करतात: ४००० पिक्सेलचा फोटो तसाच ठेवून दर्जा ४० वर आणतात, मग आभाळात चौकटी दिसायला लागतात. वेबपी या वेबसाठीच्या फोटो-प्रकारात ७५ हा मुळातला आकडा बहुतेक फोटोंना पुरतो. एव्हीआयएफ हा त्याहून नवा प्रकार आणखी लहान होतो, पण जुन्या लॅपटॉपवर एका फोटोला बराच वेळ घेतो; घरगुती साइटसाठी तेवढी वाट पाहण्यात अर्थ नाही.

एका बाबतीत मात्र सावध राहा. निमंत्रणपत्रिका, कार्यक्रमाचं पत्रक, जुन्या अंकाचं स्कॅन, म्हणजे ज्यात अक्षरं आहेत अशी चित्रं जेपेगमध्ये नेऊ नका. जेपेगमध्ये उजेडाची माहिती बारकाईने ठेवली जाते, रंगाची मात्र सहसा निम्म्या बारकाव्याने. पिवळ्या कागदावर लाल अक्षरं असतील तर शिरोरेषेखाली धुरकट डाग येतात, आणि अनुस्वाराचा ठिपका तर लहान आकारात ओळखूसुद्धा येत नाही. अशा चित्रांना पीएनजी किंवा वेबपीमधला ‘लॉसलेस’ (दर्जा अजिबात न घटवणारा) पर्याय वापरावा. फोटोसोबत जाणारी कॅमेऱ्याची आणि ठिकाणाची नोंद स्क्वूश काढून टाकतं. घरातले फोटो टाकणाऱ्यांना हे सोयीचंच आहे, फक्त छायाचित्रकाराचं नाव त्या नोंदीत असेल तर तेही जातं.

स्क्वूशची उणीव एकच, पण मोठी: एका वेळी एकच फोटो. राजगडाच्या ट्रेकचे साठ फोटो असतील तर तिथे त्याचं काम नाही. विंडोजवर इरफानव्ह्यू उघडून ‘बी’ कळ दाबा, बॅच कन्व्हर्जनची, म्हणजे अनेक फोटो एकदम बदलायची, खिडकी येते. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये लांब बाजू १६०० करा, मूळ फोटोंवर नवे लिहिले जाऊ नयेत म्हणून वेगळं फोल्डर द्या आणि चालू करा. दिसायला हे सॉफ्टवेअर अगदी जुनाट आहे, पण कामाला तुफान. मॅक किंवा लिनक्सवर हेच काम एक्सएनकन्व्हर्ट करतं. आयफोनचे एचइआयसी फोटो क्रोममध्ये दिसत नाहीत, ते आधी जेपेग करून घ्यावे लागतात. फोनच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं तर पुढचे फोटो मुळातच जेपेग येतात.

आवाजासाठी ऑडॅसिटी. हे २००० सालापासून आहे, मुक्तस्रोत आहे, आणि अभिवाचन, कीर्तन, मुलाखत यांसाठी दुसरं काही बघायची गरज पडत नाही. ध्वनिमुद्रण मोनोमध्येच, म्हणजे एकाच ध्वनिपट्टीत, करा. एका माणसाच्या आवाजाला स्टीरिओ ठेवलं की फाइल उगाच फुगते. सुरुवातीला दोन-तीन सेकंद गप्प बसून नुसती खोली रेकॉर्ड होऊ द्या. हा तुकडा पुढे लागतो. तो निवडून ‘नॉइज रिडक्शन’मध्ये ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबायचं, मग सगळी पट्टी निवडून तोच इफेक्ट पुन्हा उघडायचा आणि ६ ते १२ डेसिबलपर्यंत लावायचा. त्यापुढे गेलात तर माणूस हौदात बसून बोलतोय असं वाटायला लागतं. हा इफेक्ट एकसुरी गोंगाटाचा नमुना घेऊन तेवढाच वजा करतो, त्यामुळे पंख्याची घरघर जाते, पण कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न जात नाही. तेवढं वाक्य पुन्हा वाचून जोडणं हाच उपाय.

यानंतर ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’, म्हणजे आवाजाची पातळी सारखी करणं. मुळातला आकडा –२३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या पातळीचं माप) आहे, तो नभोवाणी-दूरदर्शनच्या पद्धतीचा. फोनवर ऐकणाऱ्याला आवाज बारीक वाटतो. –१६ करा आणि ‘ट्रीट मोनो अ‍ॅज ड्युअल-मोनो’ ही खूण तशीच असू द्या. मग एमपीथ्रीमध्ये एक्स्पोर्ट: मोनो, कॉन्स्टंट (सगळीकडे एकच बिटरेट), ६४ केबीपीएस. मिनिटाला ४८० केबी, म्हणजे दहा मिनिटांचं वाचन पाच एमबीच्या आत. हेच वेव्ह स्वरूपात, स्टीरिओत ठेवलं तर मिनिटालाच सुमारे १० एमबी होतात. गाणं असेल तर मात्र ६४ वर समाधान मानू नका. तबल्याच्या चाटेवरचे बोल आणि झांजा तिथे भुरभुरीत ऐकू येतात. स्टीरिओत किमान १२८, शक्य तर १९२.

ऑडॅसिटीत नवख्यांची एक चूक ठरलेली: ‘सेव्ह प्रोजेक्ट’ करून मिळालेली फाइल साइटवर चढवतात आणि ती वाजत नाही. ती फक्त ऑडॅसिटीलाच कळते. बाहेर न्यायचं ते ‘एक्स्पोर्ट’नेच. नव्या आवृत्त्या सेव्ह करताना क्लाउडवर ठेवू का असंही विचारतात. सरळ संगणक निवडावा. आणि एमपीथ्रीसाठी लेम नावाची फाइल वेगळी उतरवायला सांगणारी जुनी मार्गदर्शनं अजून फिरताहेत. विंडोज आणि मॅकवर २.३.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, ती आतच आहे.

व्हिडिओसाठी हँडब्रेक, आणि या यादीतलं सगळ्यात मोलाचं साधनही हेच. फोनमधला व्हिडिओ बऱ्याचदा एचइव्हीसी या नव्या आकुंचन पद्धतीत असतो. तो तुमच्या मशीनवर छान दिसतो, पण दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये नुसता आवाज येतो आणि चित्र काळं. हँडब्रेक तो एच.२६४ या जुन्या पद्धतीत आणतं, जी सगळीकडे चालते. फाइल ओढून टाका, प्रीसेट ‘फास्ट ७२०पी ३०’ निवडा, स्वरूप एमपी४ आहे ना ते बघा. नावातल्या ‘फास्ट’चा संबंध रूपांतराच्या वेगाशी आहे, व्हिडिओ पटकन उघडण्याशी नाही. पटकन उघडण्यासाठीची खूण वेगळी आहे: ‘समरी’ टॅबमधलं ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’. एमपी४ फाइलीत कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका एरवी शेवटी लिहिली जाते; ही खूण केली की ती सुरुवातीला येते आणि पूर्ण फाइल उतरायच्या आत व्हिडिओ चालू होतो. एवढी महत्त्वाची गोष्ट अशी कोपऱ्यात का ठेवली आहे, हे काही कळत नाही.

दर्जाची पट्टी आरएफ नावाने येते आणि ती उलटी चालते: आकडा वाढला की दर्जा उतरतो, फाइल लहान होते. ७२०पी साठी २१ ते २३ मध्ये राहा. खुर्चीत बसून बोलणारा माणूस असेल तर मिनिटाला १० एमबीच्या आतबाहेर काम होतं. तोच आकडा ठेवून आंबोलीचा धबधबा टाकलात तर फाइल कितीतरी मोठी होते, कारण प्रत्येक फ्रेममध्ये सगळंच हललेलं असतं आणि आधीच्या फ्रेममधून उसनं घ्यायला काही उरत नाही. उभा व्हिडिओ असेल तर ‘डायमेन्शन्स’ टॅबमध्ये डोकावा. तिथे रुंदी ४०० च्या आसपास दिसत असेल तर ७२० ही मर्यादा उंचीला लागली आहे. ती वाढवून उंची १२८० करा. एचडीआर (उजेड-सावलीचा जास्त फरक टिपणारी सोय) चालू ठेवून घेतलेल्या चित्रणाचे रंग रूपांतरात फिके पडू शकतात, तेव्हा साइटसाठी शूट करताना ते बंदच ठेवावं.

हँडब्रेक फक्त त्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या आणि शक्य असेल तर चेकसम (फाइल मूळचीच आहे हे ताडून बघायचा तिथे दिलेला आकडा) जुळवा. मे २०१७ मध्ये त्यांच्या एका मिरर सर्व्हरवरची मॅकसाठीची फाइल कुणीतरी बदलून तिच्यात ट्रोजन घातला होता. विंडोजवर पहिल्यांदा उघडताना डॉटनेट रनटाइम हे मायक्रोसॉफ्टचं पूरक सॉफ्टवेअर मागितलं तर घाबरू नका, ते खरंच लागतं.

फाइल तयार झाली की व्हिडिओ टॅगमध्ये ‘कंट्रोल्स’ (चालू-बंदची बटणं दाखवणारा शब्द) हवंच, आणि एका पानावर पाच-सहा ध्वनिफिती असतील तर ऑडिओ टॅगमधल्या ‘प्रीलोड’ला ‘नन’ द्या, नाहीतर कुणी काही ऐकायच्या आतच डेटा जायला लागतो. पान उघडताच गाणं सुरू व्हावं ही हौस सोडून द्या. क्रोमने २०१८ पासून आवाजासकट आपोआप वाजणं अडवलंय, आणि वाचकांनी त्यासाठी क्रोमचे आभारच मानायला हवेत.

फाइलींची नावं रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं, मध्ये जागा नाही. देवनागरी नाव चालतं, पण पत्त्यात प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ चिन्हं होतात. ‘अभंग’ एवढ्याशा नावाची छत्तीस. तो दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की कुठेतरी मध्येच तुटतो.

मराठी उपशीर्षकांसाठी विंडोजवर सबटायटल एडिट चांगलं. आवाजावरून मजकूर काढायची सोय त्यात आहे, पण मराठीसाठी ओळ न ओळ तपासायची तयारी ठेवा. जतन करताना प्रकार वेबव्हीटीटी (ब्राउझरला कळणारी उपशीर्षकांची फाइल) आणि एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८. दुसरं काही निवडलं गेलं तर सगळी प्रश्नचिन्हं. एसआरटी या उपशीर्षकांच्या दुसऱ्या प्रकारातल्या फाइलीच्या नावाचं नुसतं शेपूट बदलून भागत नाही, कारण तिथे सेकंदांनंतर स्वल्पविराम असतो आणि इथे टिंब लागतं. आणि संगणकावरचं पान डबल क्लिकने उघडून चाचणी घेतली तर क्रोम सुरक्षेपायी उपशीर्षकं दाखवतच नाही. चूक तुमची नसते. साइटवर चढवून बघा.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबचं टाइमलाइनजेएस हे तारखांचा सरकता पट बनवणारं साधन जरा वेगळं, पण गावाचा किंवा संस्थेचा इतिहास मांडायला झकास. गूगल शीटचा त्यांचा नमुना घ्यायचा, तारखा, मजकूर, फोटोंचे दुवे भरायचे, ‘पब्लिश टू वेब’ करायचं आणि मिळालेला कोडचा तुकडा पानात डकवायचा. पहिल्या ओळीतली शीर्षकं मराठीत करायचा मोह टाळा, कारण ती बदलली की टाइमलाइन उमटतच नाही. मध्ये रिकामी ओळही सोडू नका. वीसपेक्षा जास्त स्लाइड नकोत, असं तेच सांगतात आणि ते खरंय.

वर्डप्रेसवर ‘फाइल मर्यादेपेक्षा मोठी’ असं आलं तर दोष वर्डप्रेसचा नसतो. वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेवर चालतं तिची मूळ मर्यादा २ एमबी आहे, ती होस्टिंगवाल्याने किती वाढवलीय यावर सगळं अवलंबून. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ‘अपलोड मॅक्स फाइलसाइझ’ आणि ‘पोस्ट मॅक्स साइझ’ हे दोन्ही आकडे वाढवा. एकच वाढवून उपयोग होत नाही. अर्ध्या तासाचं कीर्तन किंवा अख्खं व्याख्यान चित्रासकट द्यायचं असेल तर तेवढ्यापुरतं यूट्यूबच बरं. यूट्यूबच्या एम्बेडच्या (व्हिडिओ आपल्या पानात बसवायच्या) खिडकीत ‘प्रायव्हसी-एनहान्स्ड’वर खूण करायची तेवढी विसरू नका.

पैशांचं म्हणाल तर वरचं सगळं घरगुती साइटसाठी फुकट आहे. इरफानव्ह्यू आणि एक्सएनकन्व्हर्ट मात्र धंद्यासाठी वापरायचं तर परवाना घ्यावा लागतो. दुकानाची साइट असेल तर आधी त्यांच्या अटी वाचा.